हिरव्या शाईतली चर्चा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय कुलगुरू महोदय, व्यासपीठावर विराजमान आमच्या गावचे राजे नाना एदू, नानांच्या वतीने बोलणारे ओच्यामे, सत्कारमूर्ती प्र-कुलगुरू प्राध्यापक कोबिना एसिल्फी, त्यांच्या सुविद्य पत्नी, पहिल्या रांगेत आत्ताच डुलकी लागलेले अधिष्ठातेगण, आणि खुर्च्या पुन्हा कमी पडल्यामुळे मागे उभ्या असलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

नमनालाच घडाभर तेल गेलं. काय करणार, आमच्याकडे एक नाव राहिलं तर वर्षभर तोंड चुकवावं लागतं.

नऊ वर्षं सांभाळलेलं पद सर आज सोडताहेत. सोमवारपासून ते राजधानीत, अक्राला, मोठ्या मंडळावर. त्यांच्याबद्दल मी काय बोलावं? मी ग्रंथपाल माणूस, लिहिलेलं वाचून दाखवतो. आणि सरांनी लिहिलंय भरपूर. त्यांच्या हिरव्या शाईतला शेरा नाही अशी एक फाइल विद्यापीठात सापडायची नाही. शेरा एकच: ‘चर्चा करावी.’

चर्चेवर केवढा हा विश्वास! चर्चेला गेलं की सेक्रेटरीबाई सांगायच्या, सर बैठकीत आहेत. बैठक कसली, तर चर्चा का लांबतात हे शोधायला नेमलेल्या समितीची. हसू नका, त्या समितीवर मीही होतो. नाश्ता छान असायचा.

आता, दाराशी निळ्या कापडात उभ्या आहेत त्या अराबामावशी. एकोणीस वर्षं आमच्या ग्रंथालयात पुस्तकं बांधतात. सरांचा प्रबंध वाळवीने खाल्ला होता, तो मावशींनी पान न् पान चिकटवून उभा केला. म्हणून आज तो कुणालाही वाचता येतो. कुणी वाचत नाही, हा भाग वेगळा.

तर या मावशी एकोणीस वर्षं ‘तात्पुरत्या’ आहेत. त्यांना कायम करायची फाइल सहा वर्षांपूर्वी सरांकडे गेली आणि सात वेळा परत आली. शेरा तोच. येत्या मंगळवारी मावशींना साठ पूर्ण होतात. तात्पुरता माणूस साठीला निवृत्त झाला की त्याला पेन्शन नाही. आणि नव्या साहेबांकडे फाइल जायची म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

मावशी मला म्हणाल्या, “एबो, राहू दे रे. मोठ्या माणसाच्या निरोपात माझं रडगाणं कशाला?” मला फार वाईट वाटलं. खरं सांगतो, रागही आला, आणि आधी स्वतःचाच आला. सहा वर्षं मीही नुसती फाइल नेत-आणत होतो.

मग गेल्या बुधवारी सरांचा ड्रायव्हर एक कागद घेऊन आला. पद सोडणाऱ्याकडे ग्रंथालयाचं पुस्तक राहिलेलं नाही, असा दाखला. त्यावर माझी सही नसेल तर अक्राचं मंडळ रुजू करून घेत नाही. सरांनी स्वतः फोन केला, “एबो, एक सही तर आहे. पाच मिनिटांचं काम.”

सहीला पाच मिनिटं लागतात हे नऊ वर्षांत प्रथमच कळलं. तशी हरकत काहीच नव्हती. सरांकडे आमचं एकही पुस्तक नाही, कारण नऊ वर्षांत त्यांनी एकही नेलेलं नाही. तरीही मी हिरवं पेन मागवलं आणि दाखल्यावर लिहिलं: ‘चर्चा करावी.’

सर, ती चर्चा आता उरकून घेऊ. सगळे बसलेच आहेत.

ओच्यामे, तुमच्यामार्फत नानांच्या कानावर घालतो: अराबा ओटू या बाईंना सरांनी पद सोडण्याआधी कायम करावं, अशी विनंती आहे. नानांसमोर मांडलेल्या विनंतीला ‘बघू’ असं उत्तर या किनाऱ्यावर अजून कुणी दिलेलं नाही. नाना मान हलवताहेत. ओच्यामेंनी काठीही टेकवली. म्हणजे चर्चा झाली.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? सरांना द्यायच्या मानाच्या केंटे कापडाखाली दोन कागद ठेवलेत, एक मावशींना कायम करण्याचा, एक सरांच्या दाखल्याचा. आधी तुम्ही सही करा, सर, की लगेच मी करतो. हे घ्या पेन. शाई तुमच्या सवयीचीच आहे.

बोलण्याच्या भरात कुणाचा मान कमी-जास्त राखला गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. इतका वेळ ऐकून घेतलंत, मी मनापासून आभारी आहे. बाहेर मक्याची केन्की आणि तळलेली मासळी तयार आहे. फक्त पाच मिनिटं थांबा. मावशी, तुम्ही पुढे या, इथे माझ्या खुर्चीवर बसा.

सर, सहीखाली तारीख राहिली. आजचीच टाका.