आठव्या पाहुण्याची खोली

टाळ जरा मांडीवर ठेवा. मंडळी, आज एकच प्रश्न — पाठ झालं म्हणजे कळलं का? बघा, माना हलल्या! अर्ध्या 'हो' म्हणून, अर्ध्या 'नाही' म्हणून, अन् शेवटच्या रांगेतल्या झोपेनं. असू द्या. ऐका.

तालुक्याच्या कॉलेजात खरमाटे सर रसायनशास्त्र शिकवायचे. वीस वर्षं! सगळं मुखोद्गत. इलेक्ट्रॉनचे चार क्वांटम अंक असे म्हणायचे, जशी आपण आरती म्हणतो — डोळे मिटून, अर्थाची वाट न बघता. पहिला अंक मजला सांगतो. दुसरा खोलीचा आकार. तिसरा, खोलीचं तोंड कुणीकडं. चौथा, आतल्याची फिरकी. झालं, पुढचा धडा!

वर्गात होती मंजिरी. टाकळगावच्या खंडू गुरवाची लेक. तिला नर्स व्हायचं होतं, पण रसायनात दोनदा नापास. पेपरात आलं, नायट्रोजनचे सात इलेक्ट्रॉन मांडा. खालच्या मजल्यावर दोन, वरच्या लहान खोलीत दोन — बरोबर. उरले तीन, अन् खोल्याही सारख्या तीन. हिनं काय करावं? पहिलीत दोन कोंबले, दुसरीत एक, तिसरी मोकळी! सरांनी लाल पेनानं भोपळा दिला अन् ठरवलं, ही पोरगी आर्ट्सला जाणार. अर्ज त्यांनीच लिहिला, नुसती बापाची सही राहिली. टाकळगावात सप्ताह होताच. देवदर्शन अन् सही, एका फेरीत दोन्ही. पुण्य करायला निघालेला माणूस खिशात काय घेऊन निघतो, बघा.

देवळाचं भक्तनिवास होतं. खाली एक खोली. वर जिन्यालगत एक लहान, अन् सारख्या मापाच्या तीन — एक ओढ्याकडं, एक देवळाकडं, एक शेताकडं. खोलीत माणसं दोन, तिसऱ्याला मज्जाव. उतरणाऱ्यांची वही मंजिरीच्या हाती. सर संध्याकाळी पोचले. आठवे पाहुणे.

"मला ओढ्याकडची दे, एकट्याला," सर म्हणाले.

"तिथं मृदंगवाले गेनूबुवा आहेत सर. तुम्ही त्यांच्या जोडीला."

"मग शेताकडची?"

"तिथंही एक जण आहे. खालची अन् जिन्यालगतची भरल्या, या तिन्हीकडं एकेक झाले. आता जोडी लावावीच लागते."

सर तापले. "एकेकाला एकेक खोली कशाला दिलीस? दोघांना एकीत घालायचं! एक मोकळी राहिली असती."

"शेजारी मोकळी खोली असताना कुणी दुसऱ्याच्या उशाशी पथारी टाकतं का सर? आधी सगळ्यांना एकेक, मग जोडी. आणि तुम्ही डोकं खिडकीकडं करा, बुवांचं दाराकडं. दोन डोकी एकीकडं आली की भांडणं होतात."

सरांचा पाय पायरीवरच थांबला. मजला. खोलीचं माप. तोंड कुणीकडं. डोकं कुणीकडं. वीस वर्षांचं पाठांतर ह्या पोरीच्या वहीत राहायला आलेलं!

"मग नायट्रोजनमध्ये दोघांना एका खोलीत का कोंबलंस?"

मंजिरीनं मान खाली घातली. "आम्ही कणग्या भरतो तसं वाटलं सर. पहिली काठोकाठ झाल्याशिवाय दुसरीत दाणा टाकत नाहीत. इलेक्ट्रॉन एकमेकांना लोटतात, म्हणून आधी एकेकटे राहतात, हे नंतर पुस्तकात वाचलं. तुम्ही कधी बोललाच नाहीत."

खरं होतं. सरांनी नियम सांगितला होता, कारण नव्हतं सांगितलं. विषय बदलावा म्हणून ते म्हणाले, "हे गेनूबुवा आत्ता आहेत कुठं?"

"नेमकं नाही सांगता येणार. दहातल्या नऊ वेळा खोली ते चहाची चूल, एवढ्यातच सापडतील. कुठल्या वाटेनं फिरतील, ते मात्र विचारू नका."

सर पायरीवर बसले. अहो, हेच तर ऑर्बिटल! ठरलेला रस्ता नाही, सापडण्याची जागा आहे. अन् सर वीस वर्षं फळ्यावर गोल रस्ते काढत होते! त्यांना लाज वाटली. वाटायलाच हवी होती.

तेवढ्यात खंडू गुरव आले. "सर, सही पाहिजे म्हणाला होतात?"

सरांनी खिशातला अर्ज काढला. उलटा केला. मागं चार रेघांत भक्तनिवास काढलं, खोलीखोलीत माणसं मांडली अन् कागद पुढं केला. "इथं करा. तुमच्या लेकीची मांडणी आहे. सोमवारी वर्गाला हीच मांडणी शिकवायची, आणि शिकवणार तुमची लेक."

मंजिरी सायन्सलाच राहिली. गेनूबुवा पहाटेपर्यंत घोरले, पण सरांचं डोकं खिडकीकडं होतं.

आता तुमच्याकडं वळतो. हसू नका! हरिपाठ पाठ आहे ना सगळ्यांना? सर्वांघटी राम, म्हणता ना? मग मघाशी निम्मा मांडव मोकळा असताना ह्या एका सतरंजीसाठी कोण भांडत होतं? नाव घेत नाही, फेटा दिसतोय. अरे, त्या इलेक्ट्रॉनला हरिपाठ येत नाही, तरी तो मोकळ्या जागेत जाऊन बसतो!

अन् घरी लेकराच्या पेपरावर भोपळा दिसला, तर हात उगारण्याआधी जवळ बसवून एवढंच विचारा — "बाळा, तुला काय वाटलं होतं?" उत्तर ऐकायला मात्र थांबा. हं, उचला आता टाळ. अन् ते फेटेवाले, तुम्ही जरा सरका, शेजारच्याला जागा द्या, मगच नाम घ्या.