काटे तपासणाऱ्याचं मायनिंग

...नाही, पण मला सांगा, 'तुम्हाला यातलं काय कळतं' हे वाक्य एका माणसाला दिवसातून किती वेळा ऐकवावं? काही मर्यादा? आमची ही म्हणते, मुलगी म्हणते, आणि व्याही तर... ते बँकेतले निवृत्त मॅनेजर, त्यामुळे पैसा ही वस्तू जगात आपणच आणली असा चेहरा करून बसतात... ते भुवई वर करून म्हणतात, "क्रिप्टोचं मायनिंग? या वयात? साहेब, तुम्हाला यातलं काय कळतं?" आता तुम्हाला सांगतो, मला यातलं काहीसुद्धा कळत नव्हतं. कबूल! पण मला काटा कळतो. एकतीस वर्षं वजनमापं तपासणारा निरीक्षक होतो मी! सोनं जोखा नाहीतर भंगार जोखा, दुकानात शिरलो की मी थेट काट्याकडे. माल कोणाचा, ते माझं काम नाही. वजन बरोबर आहे की नाही, ते माझं काम!

एकदा तर काय झालं, एका दुकानाला सील ठोकलं, वजनं जप्त केली, बाहेर आलो, आणि मागून आवाज, "दाजी, अहो दाजी!" बघतो तर सख्खा मेव्हणा! दुकान त्याचं! आता बाहेर एवढी मोठी पाटी होती म्हणे त्याच्या नावाची. असेल! पण पाटी कशाला वाचायची? काटा वाचायचा! ही आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. आठ दिवस! तपासणीचा असाही फायदा असतो हे मला तेव्हाच कळलं.

तर मायनिंग. नाव मायनिंग, पण फावडं नाही, घमेलं नाही. एक मशीन असतं, ते दिवसरात्र आकडे जुळवत बसतं, एका कुलपाला लाखो किल्ल्या लावून बघाव्यात ना, तसं, आणि ज्याची किल्ली लागली त्याला नाणी. पण एकट्याची किल्ली लागायला सात जन्म जायचे, म्हणून हजारो लोक मिळून लावतात. त्या टोळीला म्हणायचं पूल. ज्यानं जेवढ्या किल्ल्या लावल्या, तेवढा त्याचा वाटा, आणि मोजणार कोण? पूलवाला! हे ऐकलं आणि माझे कान टवकारले की नाही तुम्हीच सांगा! माल आपला, काटा त्याचा, आणि बघायला कोणी नाही! अहो, या धंद्यात तर मी आधीच जायला हवं होतं.

जागा एकच, मागची अडगळीची खोली. पण तिच्यावर हिचा डोळा. हिला तिथं शिवणाचे वर्ग काढायचेत. झालं! शेवटी मी रीतसर कागद केला. शब्द माझेच, एकतीस वर्षांच्या नोटिसा लिहिलेला हात आहे हा. 'आजपासून नव्वदाव्या दिवशी दुपारी चार वाजता माझ्या पाकिटात मशीनच्या वीजखर्चापेक्षा जास्त किमतीची नाणी असल्यास खोली माझी, नसल्यास पत्नीची. सबब चालणार नाही.' पाकीट म्हणजे खिशातलं नव्हे हं, नाणी ठेवायचं फोनमधलं. खाली दोघांच्या सह्या. हिनं सही करताना फक्त विचारलं, "सबब चालणार नाही, हे नक्की ठेवायचं?" म्हटलं, नक्की!

मशीन लावून द्यायला जावईबापू आले. मुलगा कॉम्प्युटरमधला, बोलतो कमी, बोटं चालतात जास्त. अर्ध्या तासात मशीन सुरू! पंखे असे घोंगावायला लागले की ही स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, विमान उतरवताय का?" जावई म्हणाले, "बाबा, ही वरची ओळ म्हणजे पूल, आणि ही खालची म्हणजे नाणी कुठं जायची त्या पाकिटाचा पत्ता. आत्ता चालतंय का बघायला मी तात्पुरतं..." मी त्यांना तिथंच थांबवलं. म्हटलं, जावईबापू, चालतंय ना? मग आता हात काढा. तपासणी सुरू झाली की काट्याला हात लावायचा नाही! ते बिचारे "पण बाबा..." म्हणाले. म्हटलं, पण नाही आणि बिण नाही. पंचाण्णव अक्षरं होती हो त्या पत्त्यात, पंचाण्णव! एखाद्यानं जपमाळ ओढावी तसा वाचायला लागतो.

आणि माझं स्वतःचं पाकीट? ते मी वेगळं उघडलं, त्याचा पत्ता आणि गुप्त शब्द कागदावर लिहिले, कागद लिफाफ्यात, लिफाफा आणि फोन एका डब्यात, डब्याला तार, तारेला शिशाचं सील! नव्वद दिवस उघडायचं नाही. का? तर रोज उघडून बघणारा माणूस लोभी होतो, आणि लोभी माणसाचा हात काट्यावर हलतो. आहे की नाही विचार?

आता नाणं कुठलं खणायचं? इथं तर जत्राच! व्हिडिओत एक गॉगलवाला येतो, खोलीत बसून गॉगल, तोच ओरडतो, "मित्रांनो, हे नाणं दहापट होणार, लिहून घ्या!" मी लिहून घेतलं. तारीख, वेळ, भाव. तो म्हणाला लिहून घ्या, आपण शब्द पाळला! तिसऱ्या दिवशी ते नाणं असं आपटलं की त्याचे तुकडेसुद्धा कोणी गोळा करेना, आणि गॉगलवाला दुसरं नाणं घेऊन हजर, "मित्रांनो, लिहून घ्या!" गॉगल तोच.

मग एक नफ्याचा तक्ता असतो. सगळ्यात वर एक झगमगीत नाणं, रोजचा नफा हा एवढा! सगळं जग त्याच्या मागं. मी म्हटलं, थांब. तक्त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात विजेचा दर होता... शून्य! अहो शून्य! वीज काय आकाशातून पडते? मी आमच्या बिलावरचा दर घातला, तर ते पहिलं नाणं घसरत घसरत थेट तळाला! आणि दुसरं? त्यात नफा होता, पण विकायला गेलं तर घेणारे सबंध दिवसात चार. चार! मग कोपऱ्यात एक नाणं सापडलं, जावयांनी मशीनवर चाचणीला लावलेलं तेच, जुनं, कंटाळवाणं, भाव ना वर ना खाली, पण वीज जाऊन दोन पैसे उरतात आणि कधीही विका, घेणारा उभा. मी हिला दाखवलं. ही म्हणाली, "तुमच्यासारखंच आहे." तुम्हाला सांगतो, पस्तीस वर्षांत एवढं कौतुक तिनं केलं नव्हतं!

आणि मग पूल! पहिला पूल म्हणाला, कमिशन शून्य. शून्य म्हटलं की मी आधी पारड्याखाली बघतो. मेव्हण्याच्या पारड्याखाली काय होतं? लोहचुंबक! मी चार दिवस मशीन त्या पुलावर लावलं. मशीन काम करून जे नग पाठवतं त्यांना शेअर म्हणतात, त्यांची नोंद मशीनमध्ये असते, आणि पुलाच्या पानावर त्यांची नोंद. दोन्ही समोरासमोर! मशीननं पाठवले चार हजार आठशे बारा. पुलानं मोजले चार हजार सहाशे अडुसष्ट. एकशे चव्वेचाळीस गेले कुठं? लिहून विचारलं. उत्तर आलं, "प्रिय ग्राहक, आपलं इंटरनेट मंद असावं." बरं! दुसऱ्या दिवशी शेकडा तीन कमी. तिसऱ्या दिवशी शेकडा तीन. चौथ्या दिवशी... शेकडा तीन! अहो इंटरनेट ते, कधी येतं कधी जातं, ते काय रोज कचेरीत जाणारं माणूस आहे? एवढी शिस्त इंटरनेटला असती तर आणखी काय हवं होतं! काटा मारत होता लेकाचा! मी त्याला नोटीस पाठवली. मला अधिकार नाही, पण भाषा तीच वापरली. त्यांनी माझं खातंच बंद केलं. म्हणजे गुन्हा कबूल!

दुसरा पूल सगळ्यात मोठा. मोजणी बरोबर, मान्य. पण नाणी हातात कधी द्यायची? तर अमुक इतकी साठल्यावर. आमच्या मशीनच्या वेगानं तेवढी साठायला दीड वर्ष! दीड वर्ष आपला माल त्यांच्या गोदामात? नमस्कार!

आणि मग तो तिसरा. साधं पान, चित्र नाही, गॉगल नाही. वर स्वच्छ लिहिलेलं, कमिशन शेकडा एक, वाटप रोज. मी मशीन लावलं. चोवीस तास. मशीननं पाठवले चार हजार आठशे एक. पुलानं मोजले... चार हजार आठशे एक! दुसऱ्या दिवशी दोन कमी निघाले, मी लगेच चष्मा लावला, तर तिथं कारणासकट नोंद: दोन नग उशिरा आले. मशीनमध्ये बघतो तर खरंच दोन उशिरा! तुम्हाला सांगतो, माझे डोळे भरून आले. एकतीस वर्षांत इतका चोख काटा बघितला नव्हता, आणि तो बघितला कुठं, तर अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्चीवर बसून! पुलाच्या पानावरचा पत्ता आणि मशीनमधला पत्ता, पंचाण्णवच्या पंचाण्णव अक्षरं भिंग घेऊन जुळवली. एका अक्षराचा फरक नाही! मग मशीनलाही सील ठोकलं आणि उरलेले अठ्ठ्याहत्तर दिवस रोज सकाळी वहीत मोजणी. व्याह्यांना हिच्या फोनवरून आकडे वाचून दाखवायचो. ते म्हणायचे, "ठीक आहे, पण माल किती जमला?" मी म्हणायचो, ते माझं काम नाही! वजन बरोबर आहे, ते बघा!

नव्वदावा दिवस. दुपारचे सव्वातीन. मुलगी, जावई, व्याही, सगळे त्या खोलीत, नात खाली फरशीवर फोनवर गोळ्या फोडायचा खेळ खेळतेय. मी उभा राहिलो. आधी दोन शब्द बोललो, प्रामाणिक काट्याविषयी. मुलगी म्हणते ते चाळीस मिनिटं चाललं. असेल! नव्वद दिवसांचं काम दोन वाक्यांत कसं सांगणार? मग पक्कड घेतली, सील तोडलं, डबा उघडला, फोन चार्जरला लावला, पाकीट उघडलं...

शून्य.

व्याही खोकले. मी म्हटलं, अशक्य! पूल चोख आहे! हे बघा, अठ्ठ्याहत्तर वेळा वाटप, एकही दिवस चुकला नाही, हा बघा पत्ता! जावयांनी पत्ता बघितला. मग माझ्या लिफाफ्यातला बघितला. मग पहिला परत बघितला, आणि त्यांचा चेहरा असा उतरला... "बाबा... हा पत्ता माझा आहे." "तुमचा?" "चालतंय का बघायला तात्पुरता टाकला होता. सांगत होतो, तुम्ही म्हणालात हात काढा. नंतर तुम्ही बदललाच असेल असं वाटलं." "मग नाणी कुठायत?" "माझ्या जुन्या फोनमध्ये." "आणि जुना फोन?"

सगळ्यांनी एकदम खाली बघितलं.

तीन महिन्यांची नाणी नातीच्या अंगठ्याखाली होती हो! फोन काढून घेतला तर तिनं असं भोकाड पसरलं! आणि नाणी होती. सगळी! वहीतल्या आकड्याशी जुळवली, शेवटच्या अंशापर्यंत बरोबर! वीजखर्च जाऊन वर उरत होती! मी ओरडलो, "बघा! बघा वजन!" जावई म्हणाले, "बाबा, आत्ता तुमच्या पाकिटात पाठवतो, वीस मिनिटांत येतील." हिनं घड्याळाकडे बघितलं. मी पण बघितलं. चार वाजून पाच. आणि हिनं तो कागद माझ्यापुढं धरला. माझंच अक्षर. माझेच शब्द. 'सबब चालणार नाही.'

आता तुम्ही म्हणाल, घरातच तर होती नाणी, पाच मिनिटांनी काय होतं? पण मेव्हणाही हेच म्हणाला होता, दाजी, घरातलंच आहे! त्याला सोडला नाही, मग स्वतःला कसा सोडू? मी तिथंच, उभं राहून, स्वतःविरुद्ध निकाल दिला. खोली पत्नीची! आणि नाण्यांचं म्हणाल तर तपासलेला माल मी कधी घरी नेलेला नाही, तो जावयांच्या पाकिटात सापडला, तिथंच राहील. तुम्हाला सांगतो, व्याही उठले. बँकेतला माणूस तो, उगाच उठत नाही. माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "साहेब, तुमच्यासारखा माणूस आमच्या बँकेत असता तर..." तेवढं मला पुरलं. मला खूप पुरलं. ही मात्र एवढंच म्हणाली, "माल कोणाचा, हे एकदा तरी बघायचं होतं हो."

मशीन आता व्याह्यांकडे आहे. रोज सकाळी त्यांचा फोन येतो, "चार हजार सातशे नव्वद, बरोबर ना?" बरोबर! इथं खोलीत शिवणयंत्रं खडखडतात, मी कोपऱ्यात बसून बायकांच्या मोजपट्ट्या तपासून देतो, दोन पट्ट्या बाद केल्या! आणि परवा दारात एक लिफाफा पडलेला दिसला. उचलला, हातात जोखला, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा, शपथेवर सांगतो, पहिल्यांदा मी आधी विचारलं, "अगं, हे कोणाचं?"

हिनं शिवणावरची मानसुद्धा वर केली नाही.

"तुमचं. मशीनचं विजेचं बिल आहे."