कापलेली किनार

सिमानू महिन्याचा सातवा दिवस, सूर्योदयानंतर दोन घटका; सिप्पर या बाबिलोनी नगराच्या वेशीत न्यायाधीशांपुढील रांगेत अकरा माणसे होती. कालव्यांची मोजणी करणारा वृद्ध नूर-कब्ता तिसरा होता. त्याच्या पुढे लमासी आणि तिचा नवरा इलुशू उभे होते.

"अहो, नवऱ्यानं साक्षीदारांदेखत बायकोच्या वस्त्राची किनार कापली की काडीमोड होतो, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"अगं, किनार फाटून लोंबत होती. पाय अडकून पडली असतीस."

"म्हणून दोन शेजाऱ्यांसमोरच सुरी काढलीत. आता न्यायाधीश सांगेपर्यंत सासूबाई मला घरात घेणार नाहीत."

"आईला रीतभात फार प्रिय."

"आणि तुम्हाला?"

"मी पहाटेपासून रांगेत उगाच उभा आहे का?"

नूर-कब्ता आपली तक्रार विसरून ऐकत राहिला. दोघांची पाळी आली.

"कापताना काय म्हणालास?" न्यायाधीशांनी विचारले.

"हलू नकोस, घोट्याला लागेल, असं म्हणालो, महाराज."

"'तू माझी बायको नाहीस' असं म्हणालास?"

"एवढी हिंमत कुठून आणू, महाराज?"

"हे मात्र खरं आहे," लमासी म्हणाली.

लेखनिकाने ओल्या मातीच्या पाटीवर निकाल कोरला: साक्षीदार दोन, काडीमोड एकही नाही.