तापलेल्या व्हॉल्व्हची पूजा

हसा लेको, पण त्या दिवशी माझ्या हातून खून पडायचा!

तेव्हा चिंचवडला कारखाने नुकते कुठे उभे राहत होते. आमच्या कारखान्यातलं लाउडस्पीकरचं यंत्र माझ्या ताब्यात होतं. त्याच्या प्रीअँप्लिफायरमध्ये, म्हणजे माइकचा आवाज आधी वाढवणाऱ्या डब्यात, एसीची डीसी करणारी सेलेनियमची पट्टी जळायला टेकलेली, तापली की सडक्या मुळ्यासारखी घाण मारायची. मी ती काढून जुन्या रेडिओत असतो तसा काचेचा व्हॉल्व्ह बसवला. त्याच्यासाठी ट्रान्सफॉर्मर उकलून हाताने नवे वेढे घातले. सात रविवार घातले राव त्यात!

खंडेनवमीला साहेबांचं भाषण होतं. यंत्र सुरू केलं, व्हॉल्व्ह मस्त तापला, मी माइक लावायला वळलो. तेवढ्यात आमचे जुने फिटर, आकुर्डीचे तुकानाना, एकेका मशीनला हळदकुंकू वाहत आले आणि फुलाने तांब्यातलं पाणी शिंपडलं ते थेट त्या काचेवर. टच्च! व्हॉल्व्ह तडकला.

"नाना, पूजा करताय का जीव घेताय? तापल्या काचेवर गार पाणी? अक्कल गहाण टाकलीय का?"

नानांनी तांब्या खाली ठेवला. "माझ्यावर कशाला वरडतोस? तीन दसरं त्या पट्टीवर असंच पाणी शिंपडलं. तिनं कधी हूं का चूं केलं न्हाई."

साहेब खोळंबले होते. दातओठ खात मी तीच पट्टी भंगारातून काढून परत जोडली. भाषण सुरू झालं आणि मंडपभर सडक्या मुळ्याचा वास सुटला.

नानांनी यंत्रापुढे आणखी चार उदबत्त्या लावल्या.