रेषेबाहेरून आलेला आवाज

जबाब

मी, आनंदीबाई लडकू केणे, वय ४३ वर्षे, धंदा चहा-वड्याची टपरी, राहणार मौजे वळ, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, आज सोमवारी पोलीस ठाण्यात कोणी न बोलावता हजर राहून समक्ष सांगते की,

मी वरील ठिकाणी पती लडकू व मुलगी दिशा, वय १७, यांच्यासह राहते. पतीचा स्वतःचा टेम्पो असून ते कामतघरच्या लूमवरून कापडाचे तागे गोदामात पोचवतात. दीर दौलत शेजारच्या घरात राहतात. दीर काय करतात असे विचारल्यावरून सांगते की, ते पूर्वी कबड्डी खेळायचे.

माझी तक्रार गावच्या मैदानातला बास्केटबॉलचा खांब पाडल्याबद्दल आहे. तो खांब पुन्हा उभा राहावा आणि माझ्या मुलीच्या माथी मारलेली चूक ज्याची आहे त्याच्या नावावर जावी, एवढ्यासाठी मी आले आहे. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार द्रौपदी मॅडम म्हणाल्या की खांबाचे लिहिता येईल, दुसऱ्या गोष्टीला कलम नाही. मी म्हटले, दोन्ही लिहा, कलम नंतर शोधा.

आमचे गाव कबड्डीचे आहे. घराघरात एक तरी माणूस असा आहे, ज्याचा गुडघा कबड्डीत गेला आणि जो त्याबद्दल रोज बोलतो. दोन वर्षांपूर्वी गोदामवाल्यांनी मैदानाच्या एका बाजूला सिमेंट ओतून बास्केटबॉलचे दोन खांब उभे करून दिले. पहिले काही महिने त्या खांबांना मंडळाच्या पताका बांधल्या गेल्या. मग शाळेतले खेळाचे शिक्षक मिलिंद रोकडे सर यांनी पताका सोडल्या आणि मुलींचा संघ बांधला. सराव रोज संध्याकाळी माझ्या टपरीसमोर व्हायचा. मला या खेळातले कळत नाही. माझ्या ओळखीतल्या कोणालाच कळत नाही, फरक एवढाच की मी गप्प बसते. सरावाला गावातला एकही पुरुष कधी उभा राहिलेला मी पाहिला नाही.

काल रविवारी आमच्या मुलींचा कल्याणच्या संघाशी अंतिम सामना होता. अंतिम सामना आणि वर माईक म्हटल्यावर सगळे आले. मंडळाचा अध्यक्ष कुमार मढवी खुर्ची घेऊन आला. दीर दौलत जुनी जर्सी घालून आले, ती त्यांना आता पोटावर बसत नाही. माझे पती टेम्पो लावून कडेच्या पांढऱ्या रेषेला अगदी चिकटून उभे राहिले. सर त्यांना दोनदा मागे व्हायला सांगून गेले. ते झाले नाहीत.

सामना अगदी संपत आला तेव्हा आमच्या मुली एका गुणाने पुढे होत्या. बॉल दिशाच्या हातात होता व ती मैदानाची मधली रेषा ओलांडून पलीकडे गेली होती. तिने फक्त बॉल सांभाळायचा होता. कल्याणच्या दोघी तिच्या अंगावर आल्या. त्याच वेळी कडेवरून एका पुरुषाचा मोठा आवाज आला, "दिशा, मागं फिर! रेष गाठ!" दिशा बॉलसकट वळली, पळत मधल्या रेषेच्या अलीकडे आली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. गावातल्या सगळ्या पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. "आली घरी, आली!" असे कुमार खुर्चीवर उभा राहून ओरडला.

पंचांनी शिट्टी मारली. बॉल कल्याणकडे गेला, त्यांनी तो कडीत टाकला, आणि आमच्या मुली हरल्या. टाळ्या थोडा वेळ चालूच होत्या.

आवाज कोणाचा होता असे मॅडमनी येथे विचारले. ते त्याच्या जागी सांगते.

दिशा लहान असताना तिचे वडील तिच्याशी अंगणात कबड्डी खेळत. खडूने रेष मारत. ती त्यांच्या पोटरीला हात लावून पळायची आणि ते ओरडायचे, "रेष गाठ, रेष गाठ!" ती रेषेवर पडली की उचलून खांद्यावर घ्यायचे. हे मी मुद्दाम सांगते आहे. त्या वेळचा माणूस मला आवडायचा, हेही लिहा.

सामना संपल्यावर हे सगळे माझ्या टपरीवर चर्चेला बसले. त्या चर्चेचा तपशील विचारल्यावरून सांगते की, पहिला मुद्दा कुमारने मांडला. "कल्याणच्या पोरी उंच व्हत्या. आपल्या बुटक्या. उंची न्हाय तं बास्केट खेलायचा कशाला?" असे म्हणणाऱ्या कुमारचे डोके माझ्या टपरीच्या फळीच्या जेमतेम वर येते. दुसऱ्या एकाने पंच कल्याणचे जावई असल्याचे सांगितले. पंच पनवेलचे असून त्यांचे लग्न व्हायचे आहे, हे त्यांनी सामन्याआधी चहा घेताना मला स्वतः सांगितले होते.

दीर दौलत यांचे म्हणणे पडले की बचाव चुकला. शेवटी बॉल घेऊन आलेल्या पोरीला चौघींनी साखळी करून धरायला हवे होते. "येकीनं घोटा धरला असता तं ती उरली असती का?" यावर सर्वांनी माना हलवल्या. बास्केटबॉलमध्ये घोटा धरत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितले नाही. मग घोटा कसा धरतात हे दाखवायला त्यांनी माझ्या बाकाचा पाय धरून ओढला. बाकावरचा इसम पडला. त्याला लागले नाही. बाकाची तक्रार मी करत नाही.

एवढ्यात मिलिंद सर आले. सगळे त्यांच्याकडे वळून विचारू लागले की पंचाने शिट्टी मारलीच कशाला, पोरगी तर सुखरूप घरी आली होती. सरांनी फळीवर चहाचे दोन ग्लास ठेवले आणि मध्ये चमचा आडवा ठेवला. "ही मधली रेषा. बास्केटबॉलमध्ये बॉल एकदा हिच्या पलीकडे नेला की परत अलीकडे आणता येत नाही. आणला की बॉल समोरच्यांना. कबड्डीच्या बरोबर उलट." सगळे त्या चमच्याकडे बघत राहिले. चहा संपेपर्यंत हा नियम प्रत्येकाला लहानपणापासून माहीत होता असे निघाले.

"मंग ती फिरली कशाला?" कुमार म्हणाला.

त्यावर माझे पती म्हणाले, "पोरीचं डोकंच चालत न्हाय. भेदरली. पोरींना काय समजतं?" आणि हसले. ते हसले म्हणून बाकीचे हसले.

दिशा त्या वेळी टपरीमागे माझ्यासाठी ग्लास विसळत होती. नळाचा आवाज थांबला. ती बाहेर येऊन वडिलांकडे बघत उभी राहिली. पती तिच्याकडे बघत नव्हते. ते वड्यातली मिरची वेचून बाजूला ठेवत होते. माझ्या लग्नाला वीस वर्षे झाली. माझे पती मिरची वेचून काढताना मी काल पहिल्यांदा पाहिले.

सर म्हणाले, "कडेवरून कोणीतरी ओरडलं होतं. तिनं ते ऐकलं. कोण होतं?" मैदानभर ऐकू गेलेला आवाज या मंडळींपैकी एकालाही ऐकू आला नव्हता. दीर दौलत रिकाम्या ग्लासात बघत होते. सामन्याच्या वेळी ते माझ्या पतीच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभे होते.

मग कुमारला सुचले की दोष खांबाचा आहे. "ह्यो आपल्या कबड्डीचा मैदान. ह्या पोलानं गावाची इज्जत घालवली. काढून टाका न् माती टाका." सर मध्ये पडले, तेव्हा कुमार म्हणाला, "सर, तुमी शालेत शिकवा." पती कोणी न सांगता उठले आणि म्हणाले, "मी आनतो टेम्पो."

दिवेलागणीच्या सुमारास त्यांनी तागे बांधायचा दोर खांबाला बांधून टेम्पोने ओढला. ज्या खांबावर दिशा सराव करायची तोच बांधला. दुसरा तसाच आहे, त्याची कडी गंजली असून बॉल तिच्यात अडकतो. खांब सिमेंटच्या ढेकळासकट आला. कडी चपटी झाली. पुन्हा टाळ्या वाजल्या. कल्याणपुढे हरलेली ही मंडळी एका लोखंडी खांबाला हरवून घरी गेली. मला त्यांची किळस आली. मॅडम म्हणाल्या, 'वाईट वाटले' लिहू का. मी म्हटले, वाईट वाटले नाही, किळस आली.

दिशा खांब पडताना थांबली नाही. बॉल माझ्या फळीखाली ठेवून घरी गेली. मी टपरी बंद करून घरी गेल्यावर ती मला म्हणाली, "आई, मला नियम माहीत आहे गं. पण तो आवाज आला ना, मी नाही फिरले, पायच फिरले." मी म्हटले, बाबांना बोल. ती म्हणाली, "ते सांगतील की. सगळ्यांसमोर नसतील बोलले."

आम्ही तिघे जेवायला बसलो. ती वाट बघत होती, हे मला दिसत होते, आणि त्यांनाही दिसत होते. पती कल्याणच्या मुलींच्या बुटांबद्दल बोलले. मग त्यांनी कालवण पुन्हा मागितले. मग म्हणाले, "आता पुरे झाला खेल. रविवारी ठान्याला जायाचं न्हाय."

येत्या रविवारी ठाण्याला जिल्ह्याच्या संघाची निवड आहे. काल सामना हरूनही खेळाडू निवडायला सामन्याला आलेल्या बाईंनी दिशाचे नाव घेतले, असे सरांनी मला सांगितले आहे. गावातून आजवर असे कोणाचेही नाव घेतले गेलेले नाही, ज्यांचे गुडघे गेले त्यांचेही नाही.

दिशा म्हणाली, "बरं."

माझी मुलगी भांडखोर आहे. दुधावरच्या सायीसाठी भांडते, चपलेच्या रंगासाठी भांडते. तिने वडिलांचे म्हणणे असे मुकाट मान्य केलेले मी कधी ऐकले नव्हते. मी मुख्यतः त्या 'बरं'साठी आले आहे.

आज सकाळी मी दिशाला घेऊन इकडे निघाल्याचे कळताच पती, दीर व कुमार मागोमाग आले. घरातले घरात मिटवावे असे कुमारने मॅडमना सांगितले. मग खांब वाऱ्याने पडला असे लिहावे, असेही सांगितले. काल वारा नव्हता. असता तर कुमारची खुर्ची आधी पडली असती.

खांब पाडणारे अनोळखी इसम असे लिहू का, असे मॅडमनी मला विचारले. मी नाही म्हटले. टेम्पो चालवणारे माझे पती लडकू केणे. दोर धरणारे माझे दीर दौलत केणे. पाडा म्हणणारा कुमार मढवी. तिघेही माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत.

आता आवाजाबद्दल सांगते. "दिशा, मागं फिर, रेष गाठ" असे ओरडणारा आवाज माझे पती लडकू केणे यांचा होता. मी वीस वर्षे तो आवाज ऐकते. ओळखण्यात चूक होणार नाही. मुलगी चुकली नाही. ती वडिलांचे ऐकून मागे फिरली, आणि वडिलांनी तिला चारचौघांत बिनडोक म्हटले. ते ओरडले त्याची माझी तक्रार नाही. माणूस आनंदात काहीही ओरडतो. नंतर गप्प बसले, त्याची आहे.

पतीला आत टाकावे असे माझे म्हणणे नाही. खांब ज्या टेम्पोने पाडला त्याच टेम्पोने शनिवारच्या आत सरळ उभा करावा. कडी निजामपुऱ्यातल्या लोहाराकडून ठोकून आणावी. सिमेंट सुकेपर्यंत खांब धरायला माणूस लागेल. दीर दौलत यांनी त्याचा घोटा धरावा, त्यांना ते येते. रविवारी दिशा ठाण्याला जाईल. तिला कोण घेऊन जाणार असे मॅडमनी विचारले. मी जाईन. टपरी एक दिवस बंद राहिली तर चर्चा करणाऱ्यांची थोडी गैरसोय होईल.

हा जबाब मी सांगितला तसा मॅडमनी लिहून घेतला व मला वाचून दाखवला. मॅडम हळू आवाजात वाचत होत्या, म्हणून मी दार उघडे ठेवून मोठ्याने वाचायला सांगितले, कारण वरील तिघे बाहेरच्या बाकावर बसले आहेत. दिशा माझ्या शेजारी उभी होती. वाचून झाल्यावर आवाजाबद्दलचा भाग पुन्हा एकदा वाचा, असे तिने मॅडमना सांगितले. मॅडमनी तो पुन्हा वाचला. बाहेरून कोणीही हरकत घेतली नाही. जबाब बरोबर आहे.