गुळाचा खडा

(सुरत, लिंबायत. दुपार. दहा बाय दहाची खोली. लूमवर काम करणारा सुकदेव, त्याची बायको भागीरथी आणि सरकारी दवाखान्यातून घरी आलेली नर्स हर्षदा.)

हर्षदा : मी रागावणार नाही, काका. फक्त सांगा, इन्सुलिनची सुई कधीपासून बंद आहे?

सुकदेव : कोण म्हणतं बंद आहे?

भागीरथी : मी म्हणते, बेन. आमच्याकडं फ्रिज नाही, म्हणून मी ती बाटली माठाजवळ ओल्या फडक्यात जपते. अन् हे तिच्याकडं बघत बी नाहीत!

सुकदेव : तू चूप बस व!

हर्षदा : काका, हळू. मी समोरच बसलेय, लूमच्या पलीकडे नाही.

सुकदेव : सवय झाली, बेन. कारखान्यात ओरडल्याबिगर ऐकूच येत नाही.

हर्षदा : माझे पप्पाही असेच. आमच्या घरातलं भांडण अख्ख्या गल्लीला पाठ असायचं. पण आत्ता बोट टोचून पाहिलं, तर तुमची शुगर फार वर आहे. अशीच राहिली तर दाखल व्हावं लागेल. सुईची भीती वाटते का?

सुकदेव : सुईची नाही. माझीच वाटते.

हर्षदा : म्हणजे?

सुकदेव : काही नाही. गोळ्या असतील तर द्या.

भागीरथी : सांगा ना मंग बेनला! नाही तर मी सांगते. बेन, एक दिवस हे रातपाळीहून आले, सुई घेतली, झोपले. थोड्या वेळानं पाहते तर घामानं गोधडी ओली. हात थरथर कापताहेत. मी हलवलं, तर मला म्हणे, तू कोण? अन् असं ढकललं की मी कपाटावर आदळले. बांगड्या फुटल्या.

सुकदेव : लग्न झाल्यापासून हिच्यावर हात उचलला नव्हता, बेन. त्या सुईनं डोकं फिरलं माझं. दुसऱ्यांदा फिरलं अन् हातात काही असलं तर? म्हणून सोडली सुई. झोपतो बी बाहेर ओट्यावर.

भागीरथी : अन् मला सांगतात, आत उकडतं!

हर्षदा : काका, त्या दिवशी आल्यापासून काय काय केलं, ते सांगा. जेवलात कधी?

सुकदेव : जेवण? रातपाळीहून आल्यावर कोण जेवतं? कोरा चहा, तंबाखूची चिमूट, अन् आडवं व्हायचं. भाकर दुपारी उठल्यावर. सगळे कारागीर असंच करतात.

हर्षदा : आणि सुई?

सुकदेव : तुम्हीच सांगितलं ना, सकाळी घ्या. कारखान्यातून सुटलो म्हणजे सकाळच की.

हर्षदा : अरे देवा. काका, ही चूक आमची. सकाळी म्हटलं, पण तुमची पाळी कुठली ते कुणी विचारलंच नाही. ही सुई जेवायच्या वेळी घ्यायची असते. पोटात काही नसताना घेतली की शुगर एकदम खाली जाते. मग घाम सुटतो, हात कापतात, माणूस आपल्या माणसालाही ओळखत नाही. तुम्ही वेडे झाला नव्हता. तुमच्या डोक्याला शुगर पुरत नव्हती.

सुकदेव : म्हणजे ते मी... मुद्दाम नाही?

हर्षदा : मुद्दाम कसं? तुम्हाला शुद्ध तरी होती का?

भागीरथी : मी तर कधीपासून सांगते, मला राग नाही! पण यांना ऐकू येईल तर ना.

हर्षदा : मग बरे कसे झालात?

भागीरथी : शेजारच्या प्रमिलाबाईनं गुळाचा खडा चारला. थोड्या वेळानं मला नावानं हाक मारली यांनी. पण मी तिच्यावरच तुटून पडले! शुगरवाल्याला गूळ? माझ्या नवऱ्याला मारायला निघालीस का, म्हटलं. तेव्हापासून बोलणं बंद आहे.

हर्षदा : काकू, त्या गुळानंच वाचले ते.

भागीरथी : अगं बाई! अन् मी तर घरातला साखरेचा दाणासुद्धा काढून टाकला.

हर्षदा : गूळ-साखर उशाशी हवी. असं झालं की लगेच द्यायची. पण गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ला फोन करा. आणि काका, ताट पुढ्यात आल्याशिवाय सुई नाही. कुठल्या पाळीला किती घ्यायची, ते डॉक्टरच ठरवतील. आजच चला माझ्याबरोबर.

सुकदेव : चलतो. पण बेन, झोपायची वेळ झाली की छाती धडधडते. परत तसंच होईल वाटतं.

हर्षदा : काळजीनंही शुगर चढते. बरं, लूमवर धाग्याची तार तुटली तर काय करता?

सुकदेव : मशीन थांबवतो. तार जोडतो. मग चालू.

हर्षदा : छाती धडधडली की तसंच थांबायचं. आधी मी देते त्या यंत्रावर शुगर तपासायची. ठीक असली तर पाय जमिनीवर टेकवून बसा आणि श्वास हळूहळू सोडा. घाई नाही. मग काकूंशी बोला. हळू आवाजात!

सुकदेव : ते जमायला वेळ लागेल.

भागीरथी : थांबा, बेन. मी प्रमिलाबाईकडून गूळ घेऊन येते. काय तोंडानं मागू, पण मागते. संध्याकाळी चहाला बी बोलावते तिला.

सुकदेव : भागीरथी.

भागीरथी : आता काय?

सुकदेव : येताना ओट्यावरचं माझं अंथरूण बी आत घेऊन ये.