वाकड्या चिंचोक्याची पाळी

(नागपूर, १९७४. ओसरीवर म्हातारे मारोतराव आणि त्यांची मुलगी प्रेमिला, शाळेत विज्ञान शिकवणारी. मधे दोन फाका केलेल्या चिंचोक्यांचा ढीग.)

मारोतराव : पाह्य, मूठभर टाकले अन् बहुतेक पांढरे.

प्रेमिला : बाबा, तुम्ही डाव टाकून राहिले.

मारोतराव : जन्मभर चौसर खेळलो वं. हात आपसूक वळते.

प्रेमिला : इथं जिंकायचं नाही. हे किरणोत्सारी अणू आहेत, आपसूक फुटणारे. पांढरी बाजू वर आली, तो फुटला, त्याले काढायचं. काळी आली, तो टिकला. घ्या, डब्यात हलवून टाका.

मारोतराव : टाकले. मोज.

प्रेमिला : चाळीसातले एकवीस टिकले. हेच पुन्हा टाका. आता दहा. दर खेपेले निम्म्याच्या आसपास जाते. निम्मे जायले जेवढा वेळ लागते, त्याले अर्धायुष्य म्हणतात.

मारोतराव : अन् हा वाकडा दोनदा वाचला. आता याची पाळी.

प्रेमिला : पाळी नसते, बाबा. कितीकदा वाचला तरी याच्यासाठी दर डाव पहिलाच.

मारोतराव : मंग आता कोणता जाईन?

प्रेमिला : तेच तर. उद्या तपासणीचे साहेब माहा पाठ पाहायले येऊन राहिले. त्यांनी हेच विचारलं तर? पोरांसमोर ‘माहीत नाही’ म्हणू? नोकरी कायम व्हायची राहून जाईल.

मारोतराव : पुस्तकात काय हाय?

प्रेमिला : तेच. किती जातील ते सांगता येते, कोणता ते नाही.

मारोतराव : मंग खाली पाहून काहून बोलून राहिली? मले साहेब समज. हं, मास्तरीणबाई, आता कोणता फुटन?

प्रेमिला : सांगता येत नाही, साहेब.

मारोतराव : साहेब कानानं कमी हाय.

प्रेमिला : कोणालेच सांगता येत नाही, साहेब. पण दहातले निम्म्याच्या आसपास जातील, हे मी आधीच फळ्यावर लिहून ठेवते.

मारोतराव : आता कशी बोलली. टाकू?

प्रेमिला : टाका. सहा गेले, चार राहिले.

मारोतराव : वाकडा हायेच. आमच्या चौसरीतले मी अन् चंपतराव, दोघंच उरलो. तो रोज म्हणते, मारोत्या, आता पाळी तुही.

प्रेमिला : माणसाचं वेगळं, बाबा. माणूस म्हातारा होते.

मारोतराव : ते त्याले नको सांगू. हा वाकडा मले दे.

प्रेमिला : उद्या लागतात मले.

मारोतराव : एकानं काही अडत नाही. तू उद्या साहेबाले सांग, मी आज चंपतरावले सांगतो. कोणालेच माहीत नाही म्हणून.